शिवणीचे सहा तुकडे

बाबा गेले त्याच्या अठराव्या दिवशी मी त्यांचं शेड उघडलं. कारण पाळणा. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचे फुलसिंग राठोड भेटायला येऊन गेले, तेव्हा पाळण्याबद्दल ते एक शब्दही बोलले नव्हते. निघताना फक्त शेडच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. आईने ते पाहिलं आणि त्यांनी न विचारताच सांगून टाकलं, "तुमचा पाळना आखाजीच्या आधी भेटते, भाऊ."

अक्षय्य तृतीया महिन्यावर आली होती. ते गेल्यावर मी विचारलं, "कोण देणार?"

"कोन म्हंजे? पॉलिशच त राह्यलं हाय," आई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

बाबा सुतार होते. पन्नास वर्षं त्यांनी मानोऱ्यात दारं, पलंग, देव्हारे आणि पाळणे केले. मी अमरावतीला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. लहानपणी मी त्यांच्या हाताखाली रंधा धरलेला आहे, पॉलिश पेपर घासलेला आहे, पण पॉलिशचा ब्रश त्यांनी मला कधी हातात दिला नाही. पॉलिश ते एकटे करायचे, दार लोटून. थिनरचा वास सगळ्या आळीत पसरायचा आणि बाबा दोन दिवस खोकत राहायचे.

दोन वर्षं मी त्यांना एकच गोष्ट सांगत होते. थिनरचं सोडा, पाण्याचं पॉलिश लावा. त्याला वास नसतो, ते पेट घेत नाही, ब्रश नळाखाली धुतला की झालं. मी वाचलं होतं, माहिती छापून आणून दिली होती. बाबांनी ते कागद घडी करून पलंगाच्या हलत्या पायाखाली ठेवले. म्हणाले, "लाकूड वाळवाले मी चार चार मयने वाट पाहतो, अन तू म्हनते त्याले पानी पाज." फेब्रुवारीत फोनवर पुन्हा तोच विषय निघाला. मी जरा जास्त बोलले. ते म्हणाले, "तू पुस्तकं सांभाळ. लाकूड मी पाहतो." फोन त्यांनीच ठेवला. त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले.

हृदयविकार होता. थिनरचा आणि त्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं.

शेडमध्ये पाळणा मधोमध उभा होता, वर जुनी चादर टाकलेली. शिवणीचं लाकूड, दोन्ही बाजूंनी गोल गजांचे कठडे. चादर काढली तेव्हा मला वाटलं, अजून कोराच आहे. मग हात फिरवला. कोरं लाकूड हाताला लागतं तसं ते लागत नव्हतं. वर काहीतरी होतं, पॉलिशचा एक पातळ हात दिलेला. वास घेतला. वास लाकडाचा होता. थिनरचा नव्हता, स्पिरिटचा नव्हता.

मग फळीवर मला डबा दिसला. पाण्याच्या लॅकरचा, एक लिटरचा. झाकण उघडलेलं आणि पुन्हा ठोकून बसवलेलं. आतलं एक तृतीयांश संपलेलं होतं.

मी तिथेच पाटावर बसले. बाबांनी पाण्याचं पॉलिश आणलं होतं. मला सांगितलं नव्हतं. ते फोनच्या आधी आणलं की नंतर, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "थे डबे आनत, नेत. मी कायले मोजू?"

डब्याच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेले शिवणीचे सहा तुकडे सापडले. प्रत्येक हाताच्या पंजाएवढा. एका बाजूला पॉलिश, दुसऱ्या बाजूला बाबांच्या पेन्सिलीने अक्षर आणि आकडा. उ १, उ २, उ ३. सा १, सा २, सा ३. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. अख्खा शब्द लिहिण्याची त्यांना सवय नव्हती. गिऱ्हाइकांची नावंसुद्धा ते एका अक्षरात लिहायचे.

मी सगळे तुकडे दारापाशी उजेडात मांडले. सा लिहिलेले तिन्ही काचेसारखे स्वच्छ होते. उ लिहिलेल्यांवर बारीक बारीक फोड आलेले, ब्रशच्या रेघा जागच्या जागी वाळलेल्या, एकावर पांढुरकी झाक.

माझं नाव उज्ज्वला.

मी असं वाचलं: उ म्हणजे उज्ज्वलाचं पॉलिश, सा म्हणजे साधं, नेहमीचं. त्यांनी दोन्ही लावून पाहिली होती, तीन तीन वेळा, नीट, त्यांच्या पद्धतीने. आणि माझं हरलं होतं. फोनवर ते जे बोलले ते रागाने बोललेले नव्हते. त्यांच्याकडे पुरावा होता, एवढंच. तो त्यांनी मला दाखवला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून असेल, किंवा सांगण्याइतकं ते महत्त्वाचं वाटलं नसेल. यातलं कोणतं, हे मला ठरवता येईना.

पण मग पाळण्यावर पहिला हात कशाचा होता? तो साध्याचा असता तर अठरा दिवसांनीही वास यायला हवा होता. पाण्याचा असेल, तर जे पॉलिश तीनदा बिघडलं ते त्यांनी राठोडांच्या पाळण्याला का लावलं? बाबा असं कधी करत नसत. मी तुकडे उलटसुलट केले. ते जेवढे जास्त पाहिले तेवढं कमी कळत गेलं. एका ग्रंथपालाला सहा नोंदींची यादी लावता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरा हात द्यायचं ठरवलं. पाण्याचाच. पहिला कशाचाही असो, डबा उघडलेला होता आणि दुसरं काही मला येतही नव्हतं. डब्यावर लिहिलेलं सगळं वाचलं: हलवू नका, काडीने ढवळा, पातळ लावा, नायलॉनचा ब्रश वापरा. नायलॉनचा नवा ब्रश डब्याच्या शेजारीच होता. एकदाच वापरून धुतलेला.

झाकण काढल्यावर आई वाकून पाहायला आली.

"दूध हाय का हे?"

"वाळल्यावर पारदर्शक होतं."

"म्हंजे लावाचं आन मंग दिसाचं नाही," आई म्हणाली. "मंग लावाचं कायले?"

पाण्याचं आहे म्हणजे वाळायला ऊन हवं, असा मी विचार केला. पाळणा आम्ही दोघींनी ओढत अंगणात आणला. एप्रिल लागायचा होता, पण आठ वाजताच जमीन तापली होती. मी कठड्यापासून सुरुवात केली. ब्रश ओढेपर्यंत मागची रेघ वाळत होती, म्हणून मी त्यावरून पुन्हा ब्रश फिरवत होते. साडेनऊपर्यंत एक बाजू झाली. दहा वाजता मी चहा घेऊन बाहेर आले तर कठड्यावर बारीक फोड उठलेले होते. रेघा जागच्या जागी. वरच्या गजावर पांढुरकी झाक.

मी आत जाऊन उ दोन घेऊन आले आणि कठड्याला लावून धरला. दोन्ही सारखे होते. मला वाटलं, झालं, आता शंकेला जागा नाही. उ मीच आहे.

उकंडराव काका त्याच वेळी फाटकातून आले. बाबांचे जोडीदार, तेही सुतार, सत्तरीच्या पुढचे. बाबा गेल्यापासून रोज दहाला येऊन ते आमच्याकडे चहा घेतात. बाबा असतानाही घ्यायचे.

पाळण्याभोवती त्यांनी एक चक्कर मारली. "हे काय केलं वं बाई? देवी निघाली का याले?"

"पाण्याचं पॉलिश आहे, काका."

"लाकडाले पानी पाजलं!" त्यांनी कपाळाला हात लावला. "तुह्या बापाले म्या हेच सांगतलं होतं. म्हनलं जगदेवा, पानी अन लाकूड म्हंजे सासू-सून. एका घरात राह्यते, पन फुगूनच राह्यते."

"म्हणजे बाबा तुमच्याशी बोलले होते याच्याबद्दल? कधी?"

"बोलले म्हंजे काय, इचारतच राहे. उकंडराव, असं केलं त काय होईन, तसं केलं त काय होईन."

मी शेडमधून बाकीचे तुकडे आणले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, अक्षर डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हे पाह्य! उ. उकंडराव! माह्या सांगन्यावरून केलेले हाय हे. लिहून ठेवलं बिचाऱ्यानं. असा मानूस भेटत नाही आता."

"काका, तुकडा उलटा करून पाहा."

त्यांनी उलटा केला. फोडांवरून अंगठा फिरवला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

"नाही नाही," ते म्हणाले. "हे उज्ज्वला असन."

मला हसू आलं. अठरा-एकोणीस दिवसांत पहिल्यांदा. आई ओट्यावरून म्हणाली, "हासाले काय झालं?"

"किंवा उत्तम," काका म्हणाले. "उ म्हंजे उत्तम, सा म्हंजे साधारन."

"हे उत्तम आहे का?"

"नाही, हे त भंगार हाय."

मी त्यांना माझा अर्थ सांगितला. सा म्हणजे साधं, त्यांचं नेहमीचं. त्यांनी सा एक हातात घेऊन नुसती मान हलवली. "हे आमचं नाही. आमचं पॉलिश लावलं की शिवण पिवळी पडते, मधावानी. हे पाह्य, जशीच्या तशी गोरी हाय. हेबी तुहं पान्याचंच."

म्हणजे सहाही तुकडे पाण्याचेच होते. तीन चांगले निघाले, तीन वाईट. मी जे काल रात्रभर मनात लावून ठेवलं होतं ते सगळं मोडलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. बाबांनी माझं पॉलिश नुसतं तीनदा बिघडवलं नव्हतं. तीनदा जमवलंही होतं. मग उ कोण? आणि सा कोण? मी काकांना मानोऱ्यातली सा वरून नावं विचारली. ते दोन्ही हातांची बोटं मोजून थकले.

"कायचं उ अन कायचं सा?" आई चहाचे कप उचलायला आली होती. तिला वाचता येत नाही. मी तुकडे दाखवले.

"हे होय! पापड."

"कसले पापड?"

"मी त्याईले पापडच म्हनत होती. दिवसभर उठबस. तीन तुकडे हे अंगनात उन्हात ठेवत, तीन तिकडं शेडात सावलीत. घडीघडी जाऊन हात लावून पाहत. म्या म्हनलं, पापड वाळू घातले का? कावळा नेईन! त हासले."

उन्ह. सावली.

काका माझ्याकडे पाहत होते, मी आईकडे. "तू सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"मले कोनं इचारलं?" आई म्हणाली. "तुमी दोघं शिकलेले, अक्षरं वाचून राह्यले."

"आई, हे कधी? कोणत्या महिन्यात?"

"उन्ह होतं," आई म्हणाली. "इथं कधी नसते?"

काका गेले. मी पाळण्यापाशी आले. कोडं सुटलं होतं, म्हणजे मला हलकं वाटायला हवं होतं. कसं करायचं तेही कळलं होतं: सावलीत, सावकाश, पुन्हा पुन्हा ब्रश न फिरवता. पण त्या अक्षरांमध्ये मी नव्हते. हरलेली का होईना, काल रात्री मी तिथे होते. आता तिथे फक्त ऊन आणि सावली. पाण्याचं पॉलिश त्यांनी माझ्यामुळे आणलं, की दुकानदाराने गळ्यात मारलं, की कुणा गिऱ्हाइकाने मागितलं, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. आणि मला तेवढंच हवं होतं. त्यांनी माझं ऐकलं होतं का, एवढंच.

पाळणा आम्ही पुन्हा आत नेला. बिघडलेली बाजू मी बारीक पेपरने घासली. घासताना एक भीती होती: माझा हात काढताना खालचा त्यांचा हात निघू नये. कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. पांढरी भुकटी निघत होती, ती दोघांपैकी कुणाची हे कसं ओळखणार. शेवटी फोड गेले तिथे थांबले. ओल्या फडक्याने भुकटी टिपली, वाळू दिलं, दार लोटलं आणि सावलीत दुसरा हात दिला. दुपारी हाताला लाकूड खरखरीत लागलं, दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखं. मी घाबरले, पण डब्यावर लिहिलं होतं की पाण्याने लाकडाचे तंतू उठतात. हलक्या हाताने घासा आणि पुढचा हात द्या. घासलं. तिसरा हात दिला, दुसऱ्या दिवशी चौथा. शिवण गोरीच राहिली. गजांवर उजेड सरळ उतरत होता. मग तीन आठवडे पाळणा नुसता ठेवायचा होता, पूर्ण पक्का होईपर्यंत. मी अमरावतीला परत गेले आणि आखाजीच्या चार दिवस आधी पुन्हा आले.

राठोड मालवाहू रिक्षा घेऊन आले. फुलसिंगभाऊ, त्यांची बायको भुरीबाई आणि सून अंजू, कडेवर दोन महिन्यांचं बाळ. अंजूचा नवरा, नवीन, ऊसतोडीवरून दोन दिवसांत येणार होता, तो आल्यावर बाळाचं नाव ठेवायचं होतं. भुरीबाई आईच्या गळ्यात पडून रडल्या. मग डोळे पुसून थेट पाळण्यापाशी गेल्या, कठडा हुंगला आणि मला काही कळायच्या आत त्याला जीभ लावली.

"सासूबाई!" अंजू म्हणाली.

"कायले वरडते? उद्या हा चाटन. आज म्या पाह्यलं." त्यांनी तोंडातल्या तोंडात चव घोळवली. "कायीच नाही लागत."

अंजूने कठड्यावरून हात फिरवला. "थँक यू ताई. खरं तर मीच काकांना, तुमच्या बाबांना म्हटलं होतं, वासाचं पॉलिश नको. मला तेव्हा आठवा महिना होता. नुसत्या वासाने उलटी यायची."

तर हे होतं. गिऱ्हाइकाने मागितलं होतं. मी मान हलवली आणि दोरी उचलायला वळले.

"पण पाण्याचं पॉलिश असतं, हे मला कुठं माहीत?" अंजू मागून म्हणाली. "मी म्हटलं, मग बिनपॉलिशचाच द्या. तर काका म्हणाले, हाय एक. पान्याचं. पन मानोऱ्यात कोनाजवळ बोलू नको, माह्या पोरीच्या कानावर गेलं त म्हनन, पाहा, मी जितली."

मी दोरीसकट थांबले. "काय म्हणाले?"

"असं नाही म्हनले," भुरीबाई म्हणाल्या. "मी तठीच होती. थे म्हने, पोरीनं दोन साल डोकं खाल्लं, आता लावूनच पाहतो."

"ते नंतर म्हणाले, सासूबाई. पहिले जितली म्हणाले."

"जितली नाही. डोक्यावर बसन म्हने."

"डोक्यावर बसन, का डोकं खाल्लं?" मी विचारलं. "नेमकं काय? आणि कधी? फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीत का जानेवारीत?" अंजूने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "संक्रांत झाली होती ना, सासूबाई?"

"संक्रांत होयाची होती."

म्हणजे फोनच्या आधी. संक्रांत झालेली असो की व्हायची असो. फोनवर ते मला लाकूड मी पाहतो म्हणाले, तेव्हा डबा शेडमध्ये होता आणि तुकडे उन्हात होते, किंवा सावलीत. त्या वेळी ते रागावलेले होते की हसू दाबत होते? मी तो फोन मनात पुन्हा ऐकून पाहिला. आवाज तोच येत होता, पण आता तो दोन्ही प्रकारे ऐकू येत होता.

फुलसिंगभाऊंनी माझ्या हातातली दोरी घेतली, पाळणा रिक्षात चढवला, जुन्या गोधडीत गुंडाळून बांधला. "चला बापा आता. उन चढून राह्यलं," ते म्हणाले. ड्रायव्हरने रिक्षा सुरू केली. तिचा आवाज अख्ख्या अंगणात भरला. भुरीबाई मागे पाळण्याला धरून बसल्या, अंजू बाळाला घेऊन पुढे बसत होती.

"बाबा हसत होते का म्हणताना?" मी ओरडून विचारलं.

दोघीही एकदम बोलायला लागल्या. भुरीबाई मागून, अंजू पुढून, हात हलवून हलवून, एकमेकींना खोडत. त्यांचे ओठ दिसत होते, आवाज पोचत नव्हता. रिक्षा हलली.

मी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या खिडकीवर हात मारला. "भाऊ, जरा बंद करा ती गाडी," मी म्हटलं.